विचारपूस करू नये

रविवार, ८ मार्च १९९८

सुचित्राला कावीळ झाली आहे. आठवडाभर ती म्हणत होती की जेवणावर वासना नाही, आणि मी म्हणत होतो की परीक्षांचे दिवस आले की तुझं दरवर्षी असंच होतं. आज सकाळी खिडकीशी तिचे पिवळे डोळे पाहिले आणि तिला रक्त तपासायला नेलं. संध्याकाळी सेक्टरमधल्या डॉक्टरीणबाईंना रिपोर्ट दाखवला. तेल-तूप बंद, न विचारता एकही गोळी घ्यायची नाही, आणि मुख्य म्हणजे झोपून राहायचं. "आराम म्हणजे आराम. घरात फिरत राहणं म्हणजे आराम नव्हे," हे त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं. मी मान हलवली. लिव्हर आपलं आपण भरून येतं म्हणे, फक्त तेवढे दिवस त्याला दुसरं काम लावायचं नाही.

मुक्ताबाई सकाळी पोळ्या-भाजी करून जातेच, तिला वरण-भाताचंही सांगितलं. आमची अस्मिता नऊ वर्षांची असली तरी समजूतदार आहे. बाकी मी आहेच. कंपनीने जानेवारीत दिलेली ही डायरी कोरीच पडली होती. घरात आजारपण असलं की माझ्या तारखा चुकतात, म्हणून आजपासून लिहायचं ठरवलं आहे.

बुधवार, ११ मार्च

घरचं कमी होतं म्हणून ऑफिसातही आजारपण.

उरणजवळच्या आमच्या यार्डात हजारो कंटेनर एकावर एक रचलेले असतात, आणि कुठला कुठे आहे हे फक्त आमच्या सर्व्हरला ठाऊक असतं. गेटवरचा कारकून नंबर टाकतो, स्क्रीन रांग आणि थर सांगते, पास छापला जातो, ट्रेलर आत. तो सर्व्हर सांभाळणं माझं काम. त्याच्या पाच डिस्कपैकी तिसरी आज गेली. कपाटावर नारिंगी दिवा लागला होता, बाकी कुणाला काही कळलंही नाही.

पाचांतली एक गेली तरी काम थांबत नाही. उरलेल्या चार मिळून तिचा मजकूर हिशेबाने काढून देतात, तशीच ती रचना आहे. रेड म्हणतात तिला. नवी डिस्क बसवली की त्या चौघी सगळं तिच्यावर पुन्हा लिहून काढतात. ती भरेपर्यंत दुसरी मात्र जाता कामा नये. गेली तर सगळंच गेलं. टेपवर नक्कल आहे, पण टेपवरून परत आणायला वेळ लागतो, आणि टेप घेतल्यानंतर हललेल्या कंटेनरांचा पत्ता मग देवालाच विचारायचा. तेही मार्चअखेरीला. नोकरी माझी जाईल हे वेगळं सांगायला नको.

आमचे जनरल मॅनेजर बाबासो इंगवले यांना हे समजावलं. ते कोल्हापूरकडचे, सहसा घाबरत नाहीत. म्हणाले, "म्हंजे खुर्चीचा एक पाय मोडलाय, आन् आपण सगळे तिच्यावर बसलोय." मला याहून सोपं सांगता आलं नसतं. नवी डिस्क बंगळूरहून निघाली आहे.

शनिवार, १४ मार्च

बातमी सोसायटीत पोचली. आज समोरच्या विमलबाई, त्यांच्या मागून तळमजल्यावरचं जोडपं, मग सुचित्रा शिकवते त्या शाळेतल्या दोघी. सगळ्यांनी शहाळी आणली. शहाळ्यांना ठेवायला जागा नाही.

विमलबाई दारातूनच म्हणाल्या, "सुचित्रा, तू उठू नकोस हं, चहाबिहा काही नको." आता ‘चहा नको’ याचा अर्थ काय हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. मीच गेलो स्वयंपाकघरात. केला. विमलबाईंनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "नंदकिशोर, तुमच्याकडे पाण्याला रंग फार छान येतो." सगळे हसले. सुचित्राही हसली आणि उठून दुसरा चहा टाकून आली. दोन मिनिटांचं तर काम. तिलाही बरं वाटलं असावं. दिवसभर पडून माणूस कंटाळतो.

आपली माणसं आहेत, काळजीने येतात. मुंबईत कोण कुणाकडे बघतं? इथे नेरूळला अजून तेवढं आहे.

सोमवार, १६ मार्च

काल डोंबिवलीहून दादा-वहिनी आले, जेवूनच गेले. मुक्ताबाई रविवारी येत नाही. वहिनी मदतीला उठत होत्या, पण सुचित्राने त्यांना बसवलं. पाहुण्याला आपल्या ओट्याशी उभं करणं तिला आवडत नाही.

आज गेटवर देवजी म्हात्रे म्हणाला, "साहेब, मॅडमला माल घातला का?" देवजी आमचा गेट सुपरवायझर, उरणच्याच बाजूचा. मला वाटलं कंटेनरमधल्या मालाबद्दल बोलतोय. तो माळेबद्दल बोलत होता. "आमची आत्या हाय घनसोली गावान, गोजरा. ती काविलीची माल देते. डोक्यावर ठेवाची. कावील उतरत जाते तशी माल खाली येते. गल्यापरत आली का अर्धा काम झाला, कमरेपरत आली का सुटली. तुमी डागदरचा पन चालू ठेवा."

मी हसलो, पण नको म्हटलं नाही. संध्याकाळी तो घेऊनच आला. बारीक काड्या दोऱ्यात गाठी मारून ओवलेल्या, लहान बांगडीएवढी. सुचित्राने डोक्यावर ठेवून आरशात बघितलं. पिवळी राणी दिसतेस, म्हटलं.

मंगळवार, १७ मार्च

डिस्क आली, बसवली, भरणं सुरू केलं, आणि घटकाभरात गेट ठप्प.

कारकून नंबर टाकून बसतो, स्क्रीन काही बोलत नाही. ट्रेलरची रांग हायवेपर्यंत. ड्रायव्हर हॉर्न वाजवतात, पोलीस येतो, बाबासो मला फोन करतात. मशीन सगळी ताकद नव्या डिस्कला भरवण्यात घालत होतं आणि गेटकडे बघत नव्हतं. शेवटी भरणं थांबवलं. लगेच सगळं सुरळीत झालं आणि लोकांनी मला शाबासकी दिली. खुर्चीचा पाय मात्र मोडलेलाच राहिला.

शुक्रवार, २० मार्च

तीन दिवस हेच चाललं आहे, पण आज मी समाधानी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

डिस्क म्हणजे आमच्या सोसायटीची लिफ्ट समजा. माणसं वेगवेगळ्या मजल्यांवर बटणं दाबतात. आधी कुणाला घ्यायचं ते लिफ्टने ठरवायचं. आमच्या मशीनमध्ये हे ठरवण्याच्या तीन तऱ्हा आहेत. त्याला शेड्यूलर म्हणतात. पहिली, जो आधी आला तो आधी. पण डिस्क भरण्याचं काम वऱ्हाडासारखं येऊन रांगेत उभं राहतं आणि गेटचा एकटा कारकून त्यांच्या मागे. दुसरी, जो सर्वांत जवळ तो आधी. ही ऐकायला शहाणपणाची वाटते. पण भरण्याचं काम ओळीने चालतं, त्याचा पुढचा मजला कायम जवळचाच; लिफ्ट तिथेच घुटमळते आणि सातव्या मजल्यावरचा माणूस म्हातारा होतो. तिसरी आपल्या लिफ्टसारखी: वर जाताना वाटेतल्या सगळ्यांना घ्यायचं, मग खाली येताना. दरवेळी तऱ्हा बदलली की मशीन बंद करून चालू करावं लागतं, आणि मग भरणं बिचारं पुन्हा शून्यापासून.

तिसरी निवडली. शिवाय भरण्याला किती वेळ द्यायचा याचं वेगळं बटण आहे, ते दिवसा अगदी कमी ठेवलं. आता पास पटकन निघतो. भरणं रांगत चाललं आहे, पण चाललं आहे. माझं तत्त्व साधं आहे. गेट ओरडतं, डिस्क ओरडत नाही. जो ओरडत नाही त्याला थोडं मागे ठेवता येतं. शेड्यूलर म्हणजे दुसरं काय?

एक शंका मनात आहे ती इथे लिहून ठेवतो. भरणं जितकं लांबतं तितके दिवस उरलेल्या चौघी दुप्पट राबतात. त्यांना काही झालं तर मला आधी कळेल का?

रविवार, २२ मार्च

माळ डोक्यावरून घसरून गळ्यात आली. अस्मिताने टाळ्या वाजवल्या. मी असल्या गोष्टी मानत नाही, पण खरं सांगायचं तर मलाही हायसं वाटलं. ऑफिसात मी भरण्याचे टक्के बघतो, घरी माळ बघतो.

शाळेतून नववीच्या पेपरांचा गठ्ठा आला, सोबत ‘जमेल तसे तपासा’ अशी चिठ्ठी. सुचित्रा म्हणाली, पडल्या पडल्या होतील. दुपारी तिच्या मामेभावाकडची मंडळी आली. ती गेल्यावर सुचित्रा बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडली होती. विचारलं तर म्हणाली, अंग फार दुखतंय, एखादी गोळी असेल तर बघा. पुन्हा रविवारचं डॉक्टरीणबाईंना कुठे त्रास द्यायचा. साधी अंगदुखीची गोळी, लोक पाणी प्यावं तशी घेतात. केमिस्टकडून दोन पट्ट्या आणल्या, म्हणजे पुन्हा हेलपाटा नको. एक घेतली आणि तासाभरात उठून बसली. रात्रीची खिचडी तिनेच टाकली.

मंगळवार, २४ मार्च

आज जेवण गेलं नाही. पाचव्या डिस्कवर वाचताना चुका येऊ लागल्या आहेत. दिवा अजून हिरवाच आहे. मशीन अजून तिला सांभाळून घेतं, एकदा नाही वाचता आलं तर पुन्हा वाचतं, पण लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, चुकांच्या ओळी वाढत आहेत. अशी डिस्क महिनाभर चालते किंवा उद्या जाते. आणि भरणं अजून निम्म्यावरही नाही.

मग मी जे आधीच करायला हवं होतं ते केलं. मशीनकडे काम कोण मागतंय, ते दिवसभर मोजलं. मला वाटत होतं गेट. गेट नव्हे. बाबासो दर थोड्या वेळाने आपल्या टेबलावरून यार्डाचा पूर्ण गोषवारा काढत होते, ज्यासाठी मशीनला सगळ्या डिस्क धुंडाळाव्या लागतात. का, तर मशीन बरं आहे का ते कळावं म्हणून. अकाउंट्सवाले मधूनच स्क्रीन उघडत होते, चालू आहे ना ते बघायला. गेटवाले एकाऐवजी तीनदा एन्टर दाबत होते. सगळे काळजीने. मशीनवर सर्वांत मोठा बोजा त्याची तब्येत विचारणाऱ्यांचा होता.

मला हसूही आलं आणि संतापही. मी शेड्यूलर निवडत बसलो. कोण आधी, कोण नंतर. खरं म्हणजे निम्म्यांना रांगेतच येऊ द्यायला नको होतं.

बुधवार, २५ मार्च

सकाळी मोठ्या अक्षरांत कागद छापून सर्व्हर रूमच्या दारावर, गेटवर आणि बाबासोंच्या केबिनबाहेर लावला:

मशीन आजारी आहे.
कृपया विचारपूस करू नये.

बाबासोंनी चष्मा वर करून वाचलं. "मलाबी लागू हाय का हे?" म्हटलं, तुम्हालाच आधी लागू आहे साहेब. हसले. मग म्हणाले, "बरं. आन् काय पायजे?" मी धीर करून मागितलं की येत्या रविवारी गेट बंद ठेवा, पूर्ण दिवस, मशीनला कुणी हात लावायचा नाही, सगळी ताकद भरण्याला. मार्चअखेरीचा रविवार. त्यांनी खिडकीतून ट्रेलरकडे बघितलं आणि होय म्हणाले.

देवजी कागद वाचून म्हणाला, "आजाऱ्याला बगाला जावाचा नाय, असा पयल्यांदाच आयकतंय मी."

दुपारपासून आकडा चांगला पुढे सरकतो आहे. घरी ही गोष्ट रंगवून सांगितली. अस्मिता पोट धरून हसली. सुचित्राने डोळे मिटूनच विचारलं, "आणि ऐकलं लोकांनी?" म्हटलं, ऐकतात, नीट सांगितलं की.

गुरुवार, २६ मार्च

ऑफिसातून आलो तर घराच्या दारावर वहीचा कागद चिकटवलेला, स्केचपेनने:

आई आजारी आहे.
कृपया विचारपूस करू नये.

खाली फुलंही काढली होती. कौतुक वाटलं, पण लगेच काढला. विमलबाईंनी वाचला असता तर? परवा पाडव्याला दादा-वहिनी यायचे आहेत. अस्मिताला समजावलं की मशीनला असं चालतं, माणसांना वाईट वाटतं. ती म्हणाली, "पण तुम्हीच म्हणालात ऐकतात." तिला वाटलं मी रागावलो. मी रागावलो नव्हतो. कागद चुरगळून टाकला तेव्हा सुचित्रा पलंगावरून बघत होती. ती कधी तक्रार करत नाही, हा तिचा मोठा गुण आहे.

पाडवा

गुढी मी उभारली. दादा-वहिनी, त्यांची मुलं, वर विमलबाई श्रीखंड घेऊन. घर भरलं होतं. माळ पोटापर्यंत आली आहे, वहिनींनी सगळ्यांना दाखवली.

एक गंमत झाली. सुचित्राने चहा केला आणि साखरेऐवजी मीठ घातलं. दादाने पहिला घोट घेतला आणि त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. सगळे इतके हसलो. सुचित्रा मात्र हसली नाही, डबा हातात घेऊन त्यावरचं नाव वाचत उभी राहिली. मग अस्मिताला ‘उमे’ म्हणाली. उमा तिची धाकटी बहीण, पुण्याला असते. दमली असेल. दुपारभर झोपली, संध्याकाळीही हलवून उठवावं लागलं. मला वाटतं आता शरीर खरी विश्रांती घेऊ लागलं आहे. पट्ट्या संपल्या होत्या, वहिनींच्या पर्समधून दोन गोळ्या घेतल्या.

उद्या गेट बंद. उद्या माझी परीक्षा.

रविवार, २९ मार्च

झालं. पूर्ण भरली.

मोकळं यार्ड मी कधी बघितलं नव्हतं. एक ट्रेलर नाही, एक हॉर्न नाही. सर्व्हर रूममध्ये मी आणि देवजी, आणि दाराबाहेर तो कागद. कुणी फिरकलं नाही, बाबासोंनी फोनसुद्धा केला नाही. एका दिवसात इतकं काम झालं की आधीचे सगळे दिवस वाया गेले असं वाटलं. संध्याकाळी शेवटचा आकडा आला, नारिंगी दिवा हिरवा झाला. मग पाचवी डिस्क काढून मागवून ठेवलेली दुसरी नवी बसवली, ती आता निवांत भरेल. देवजीने नारळ फोडला.

कुठलाच शेड्यूलर परिपूर्ण नसतो, हे मी आज बाबासोंच्या रिपोर्टात लिहिणार आहे. भरून येत असलेल्याला थोडा काळ एकटं सोडणं याला पर्याय नाही.

घरी आलो तेव्हा सुचित्रा झोपलेली होती. उद्या सांगेन.

सोमवार, ३० मार्च

वाशीला हॉस्पिटल. सकाळी ती उठलीच नाही नीट. डोळे उघडते, मला ओळखते, पुन्हा गुंगीत जाते. डॉक्टरीणबाईंनी एक मिनिटही घरी ठेवू दिलं नाही. इथल्या मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, काय काय औषधं चालू होती. मी गोळ्यांचं नाव सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. मग विचारलं, घरात काम करत होत्या का? मी म्हटलं, नाही, आराम होता. आमच्याकडे बाई आहे.

नर्सने माळ कापून माझ्या हातात दिली.

बुधवार, १ एप्रिल

विषारी द्रव्यं डोक्यात चढली आहेत म्हणतात. लिव्हर थकलं आहे, आणि गोळ्यांनी त्याच्यावर घाव घातला.

दुपारी थोडा वेळ ती शुद्धीवर होती. माझा हात धरून म्हणाली, "तुमचं मशीन?" म्हटलं, बरं झालं, पूर्ण. "त्याला कुणी बघायला आलं नाही ना?" नाही म्हटलं. "बरं झालं," म्हणाली, आणि डोळे मिटले. भ्रमात बोलत होती. तिला वाटलं मशीनलाही इथेच ठेवलंय.

बाहेर बाकावर दादा, वहिनी, विमलबाई, शाळेतल्या चौघी. नर्स सगळ्यांना हाकलते. तिला मुळीच शिष्टाचार नाही.

शनिवार, ४ एप्रिल

सुचित्रा गेली.

रविवार, १९ एप्रिल

तेरावं गुरुवारी झालं. बरेच दिवस लिहिलं नव्हतं. आज मागची पानं वाचली. सगळं माझ्याच अक्षरात आहे आणि लिहिताना मला ते वाचता आलं नव्हतं.

माळ अजून खिशात होती. काड्या सुकून बारीक झाल्या आहेत, गाठी सैल पडल्या आहेत, म्हणून ती लांबते. काल खुंटीला अडकवली, आज आणखी थोडी लांब दिसते. देवजी किंवा त्याच्या आत्याला दोष देत नाही. डॉक्टरचं चालू ठेवा, असं त्यानेच सांगितलं होतं. डॉक्टरने सांगितलेलं मी माझ्या सोयीने चालू ठेवलं.

सुतकात आमच्याकडे कुणी चहा घेतला नाही. विमलबाई आपल्या घरून डबा आणायच्या. लोक यायचे, दहा मिनिटं खाली मान घालून बसायचे आणि पाणीही न पिता जायचे. ओटा कोरडा असायचा. असे तेरा दिवस तिला आधी मिळाले असते तर ती जगली असती. हे मला कुणी सांगितलं नाही, पण मला ठाऊक आहे. मृत्यू झालेल्या घराला आपल्याकडे विश्रांती मिळते. आजारी माणसाच्या घराला नाही. सुचित्राला विश्रांती मिळत नाही, हे मी मुकाट्याने चालवून घेतलं, कारण ती ओरडत नव्हती.

आज सुतक संपल्यामुळे पुन्हा रीघ लागली. बाबासो आले होते, माझ्या खांद्यावर हात ठेवून बसले. तळमजल्यावरचं जोडपं आलं. सुचित्राच्या शाळेतल्या दोघी आल्या. त्यातली एक म्हणाली, "चहाबिहा काही नको हं." मी मान हलवली आणि बोलत राहिलो. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून लायटरचा आवाज आला.

अस्मिता स्टुलावर उभी होती. पातेल्यात पाणी ठेवलं होतं आणि दोन डबे उघडून एकेकातलं जिभेला लावून बघत होती, साखर कुठली ते. "मी बरोबर घालते, बाबा," म्हणाली. "मला येतं."

मी गॅस बंद केला. तिला स्टुलावरून उचलून खाली ठेवलं. बाहेर जाऊन सगळ्यांना हात जोडले आणि म्हटलं, आता तुम्ही निघा. शाळेतल्या बाई चपापल्या. बाबासो आधी उठले आणि त्यांनी बाकीच्यांना दारापर्यंत नेलं. वाईट वाटलं असेल त्यांना. वाटू दे.

मग अस्मिताला म्हटलं, तुझी स्केचपेनं आण आणि तो कागद पुन्हा लिही. ती कोरा कागद घेऊन जमिनीवर बसली, टोपण काढलं आणि थांबली.

"बाबा, कोण आजारी आहे असं लिहू?"

मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो. आपण दोघं, म्हटलं. तिने दोघांची नावं लिहिली. खाली फुलं काढू का विचारलं, मी हो म्हटलं. कागद मी लावला, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी मारून, आणि दार आतून बंद केलं.